बुस्टर सीट घेताना पेटीवरचे वय पाहू नका, पट्टा कुठे बसतो ते पाहा

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांतून चारचाकी गाड्या दिसू लागल्या आहेत. कुणी पतपेढीचे कर्ज काढतो, कुणी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम उचलतो, तर कुणी भावाबरोबर निम्मे-निम्मे करून जुनी गाडी घेतो. आम्ही कारकुनी करणारी माणसे. हप्ता म्हणजे काय हे आम्हाला चांगले ठाऊक असल्याने या गाड्यांचे मोल आम्ही जाणतो. संस्थेच्या कामानिमित्त घरोघर जाणे होते, तेव्हा दारातली गाडी आम्ही आवर्जून पाहतो. सीटला नवे कोरे कव्हर असते, स्टिअरिंगला वेष्टण असते, मागे दोन मोठे स्पीकर असतात. गाडी निघाली की सहा-सात वर्षांचे लेकरू पुढच्या दोन सीटांच्या मधल्या फटीत उभे राहून रस्ता पाहात असते. या लेकरासाठी म्हणून गाडीत काय घेतले, असे विचारले तर आईबाप एकमेकांकडे पाहतात.

तान्ह्या बाळासाठी जी खुर्ची मिळते तिच्याविषयी आता थोडीफार माहिती लोकांना झाली आहे. परंतु बाळाची खुर्ची लहान झाली आणि मोठ्या माणसाचा पट्टा अजून बसत नाही, अशी जी चार ते दहा-अकरा वर्षांची मुले आहेत, त्यांचे काय? प्रस्तुत लेख त्यांच्यासाठी आहे. या वयाला जी वस्तू लागते तिला बुस्टर सीट म्हणतात. ती आता शहरांतील दुकानांत आणि घरपोच मागवण्याच्या व्यवस्थेतही मिळते. मिळते म्हणून पेटी उचलून आणावी, इतके मात्र ते सोपे नाही.

प्रथम धोका किती आहे त्याचा हिशेब मांडू. आम्ही वाणिज्य शाखेचे, विज्ञानाचे नव्हे. पण हा हिशेब शाळेतल्या गणिताने करता येतो. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. या वेगात असलेले शरीर एकदम थांबणे म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून, खाली येण्यासारखे आहे. गाडी आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर शरीराला स्वतःच्या वजनाच्या सुमारे वीसपट ओढ बसते. १५ किलोचे लेकरू त्या क्षणी ३०० किलोचे होते. आता ३०० किलोचे पोते कुणी दोन हातांनी धरून दाखवावे! मांडीवर घेतलेले मूल सुरक्षित असते ही समजूत मायेची आहे, पण हिशेबात ती टिकत नाही.

दुसरी समजूत म्हणजे मागच्या सीटवर पट्टा लागत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागे बसलेले दुसरे गृहस्थ यांचा मृत्यू झाला. गाडी मोठी, महागडी आणि नामांकित होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असे तपासात पुढे आले. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत मागे बसणाऱ्यांनाही पट्ट्याची सक्ती करण्यात आली. नियम पूर्वीपासून होता, आठवण तेवढी नवी झाली. तथापि मोठ्यांचा पट्टा जसाच्या तसा लहान मुलाला लावला म्हणजे काम झाले, असेही नाही. खरी अडचण इथेच आहे.

आज गाडीत जो तीन ठिकाणी अडकणारा पट्टा असतो, तो निल्स बोहलिन या स्वीडिश अभियंत्याने व्होल्वो कंपनीत असताना १९५९ साली सिद्ध केला. तो मोठ्या माणसाच्या अंगाचा विचार करून केलेला आहे. मोठ्या माणसाच्या कमरेला दोन्ही बाजूंना हाडाचे जे टोक हाताला लागते, त्याखाली पट्ट्याचा खालचा भाग अडकतो आणि धक्का त्या भक्कम हाडावर घेतला जातो. वरचा भाग खांद्याच्या मध्यातून छातीवर येतो. मुलांच्या कमरेचे ते हाड दहाएक वर्षांपर्यंत पुरते आकाराला आलेले नसते. पट्टा त्याला धरून राहात नाही, सरकून पोटावर चढतो. पोटात हाड नाही; तिथे आतडी आहेत, आणि पाठीमागे कण्याचे मणके आहेत. आदळल्यावर मूल पट्ट्याच्या खालून पुढे घसरते आणि पट्टा पोटात रुततो. वरून मार दिसत नाही आणि आत आतडे फाटलेले असते, अशा इजा डॉक्टर मंडळींना परिचित आहेत.

यात मुलाचा दोष नाही. गाडीची मागची सीट मोठ्या माणसाच्या मांडीच्या लांबीची असते. लहान मूल पाठ टेकून बसले तर त्याचे गुडघे सीटच्या कडेपर्यंत पोहोचत नाहीत, पाय सरळ बाहेर येतात आणि पिंढरीला कड टोचते. मग ते आपोआप पुढे सरकते. कमरेत वाकून, पाठीचा कमान करून अर्धवट आडवे होते. तसे झाले की पट्टा पोटावर आणि वरचा पट्टा गळ्याला. गळ्याला लागला की मूल तो काखेखाली घेते किंवा पाठीमागे टाकते, आणि छातीला अडवणारे काहीच उरत नाही. "नीट बस" असे शंभरदा सांगून ते नीट बसणार नाही, कारण ती जागाच त्याच्या मापाची नाही.

बुस्टर करतो ते इतकेच, की मुलाला वर उचलतो आणि मांडीच्या जागेची लांबी कमी करतो. तो मुलाला बांधत नाही. मुलाला बांधतो गाडीचाच पट्टा. हे एक वाक्य ज्याच्या ध्यानात राहिले, त्याला दुकानदार फसवू शकणार नाही. बुस्टर हा पट्टा योग्य जागी आणण्याचे साधन आहे. म्हणून तो चांगला की वाईट हे मूल, गाडी आणि पट्टा ही तिन्ही एकत्र पाहिल्यावाचून कळतच नाही. व्होल्वोनेच १९७८ साली मुलांसाठी उशीवजा बुस्टर आणला, त्यामागचा विचार हाच होता. अमेरिकेत ४ ते ८ वर्षांच्या मुलांविषयीचा एक अभ्यास २००९ साली 'पेडिअॅट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात आला आहे. नुसता पट्टा लावलेल्या मुलांपेक्षा बुस्टरवर बसलेल्या मुलांना इजा होण्याचे प्रमाण त्यात ४५ टक्क्यांनी कमी आढळले.

इथे कुणी म्हणेल, मग घरची उशी किंवा लोड खाली ठेवला तर? नाही. उशी दाबली जाते, आणि आदळल्यावर मुलाखालून निसटते. पट्ट्याचा खालचा भाग धरून ठेवायला बुस्टरला दोन्ही बाजूंना जे हातासारखे भाग असतात, ते उशीला नाहीत. उशीने मूल उंच दिसते, त्याचा पट्टा जागेवर राहात नाही.

आता बुस्टर कोणत्या मुलाला? पेटीवर ठळक अक्षरांत वय लिहिलेले असते, चार ते बारा वगैरे. आमचे आग्रहाचे सांगणे आहे की त्या वयाकडे पाहू नये. आपल्याकडील पुष्कळ मुले वयाच्या मानाने वजनाने हलकी असतात. चार वर्षे पूर्ण झालेले पण १३ किलो भरणारे मूल बुस्टरवर बसवू नये. त्याला पाच पट्ट्यांची, खांद्यावरून आणि पायांमधून बांधणारी खुर्चीच हवी. बुस्टरसाठी निदान १५ किलो वजन आणि साधारण १०० सेंटीमीटर उंची हवी. शिवाय तास-दीड तास पट्टा न काढता, न वाकता बसण्याइतकी समज हवी. झोप लागली की बाजूला कलंडणारे मूल बुस्टरला अजून लहान आहे असे समजावे. अंगणवाडीत किंवा शाळेत वजन-उंची घेतात, तो आकडा विचारून कागदावर लिहून खिशात ठेवावा आणि मगच दुकानात जावे. बुस्टरवर पुढे जाण्याची घाई करू नये. छोट्या खुर्चीत मूल मावत असेल, तिच्या वजनाची मर्यादा ओलांडली नसेल, तर तीच खुर्ची अधिक सुरक्षित.

बुस्टर दोन प्रकारचे असतात. एकाला पाठ आणि डोक्याच्या बाजूंना कड असते, दुसरा नुसता बैठकीचा. पाठवाल्यात खांद्याचा पट्टा ओवायला वर खाच असते, ती मुलाच्या उंचीप्रमाणे वरखाली करता येते. डोके बाजूला पडत नाही आणि बाजूने धडक बसली तर थोडा आडोसा मिळतो. लहान वयाला हाच घ्यावा. बिनपाठीचा बुस्टर स्वस्त असतो, हलका असतो, पण त्यात खांद्याच्या पट्ट्याचा सारा भरवसा गाडीवर असतो. युरोपात २०१७ पासून नव्याने मान्यता मिळणारे बिनपाठीचे बुस्टर २२ किलोपेक्षा जास्त वजनाच्या आणि १२५ सेंटीमीटरपेक्षा उंच मुलांसाठीच असावेत, असा दंडक आहे. आपणही तोच धरावा हे बरे.

आता गाडीकडे येऊ. या बाबतीत कुणी पुरेसे बोलत नाही, आणि पैसे वाया जातात ते इथेच.

आमचे एक सहकारी कल्याणला राहतात. त्यांची जुनी छोटी हॅचबॅक आहे. मुलगी तिसरीत, वजन २४ किलो, उंची १२७ सेंटीमीटर. त्यांनी पुतण्याच्या गाडीत पाहिलेला पाठवाला, चांगल्या कंपनीचा, बराच महाग बुस्टर घरपोच मागवला. पुतण्याच्या गाडीत तो असा बसला होता की जणू गाडीबरोबरच आला असावा. यांच्या गाडीत मात्र मागच्या सीटचे हेडरेस्ट पाठीला जोडलेले, काढता न येणारे आणि पुढे आलेले. बुस्टरची पाठ त्याला अडली आणि खाली सीट व बुस्टर यांच्यामध्ये हाताचा पंजा जाईल एवढी फट राहिली. दुसरी अडचण बकलची. त्यांच्या गाडीत बकल सीटच्या खड्ड्यात रुतलेले आणि बुस्टरची बैठक रुंद, म्हणून बैठकीची कड नेमकी बकलवर येई. पट्टा लावायला प्रत्येक वेळी मुलीला उठवून, बुस्टर तिरपा करून, हात आत घालावा लागे. आठ दिवसांत मुलगी त्याला कंटाळली आणि बुस्टर कपाटावर गेला.

वस्तू परत घ्यायला विक्रेत्याने नकार दिला. त्या विक्रेत्याचे नाव इथे घेण्यात अर्थ नाही, असे अनेक आहेत. शेवटी तो बुस्टर पुतण्याच्याच शेजाऱ्यांनी निम्म्या किमतीत घेतला. आमच्या सहकाऱ्यांनी अरुंद बैठकीचा, बिनपाठीचा बुस्टर दुकानाच्या दारात गाडी उभी करून, मुलीला बसवून पाहून घेतला. मुलीची उंची आणि वजन त्याला पुरेसे होते आणि त्या जुन्या गाडीचे न निघणारे हेडरेस्ट तिच्या कानांच्या वरपर्यंत येत होते, म्हणून तो चालला. महागाचा बसला नाही, स्वस्ताचा बसला. उद्या दुसऱ्या गाडीत नेमके उलट होईल. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेची विमा कंपन्यांची संस्था २००८ पासून बुस्टरांची तपासणी जाहीर करते, तीही याच तत्त्वावर. सहा वर्षांच्या मुलाएवढा पुतळा बुस्टरवर बसवून, निरनिराळ्या गाड्यांत पट्ट्याची ठेवण जशी वेगवेगळी असते तशा चार ठेवणींत तो अंगावर कुठे बसतो, हे तिथे मोजतात. किमतीचा त्यात संबंध नाही.

तेव्हा गाडीत आधी काय पाहावे? सर्वात आधी मागच्या सीटचे कव्हर उचलावे. आम्ही पाहिलेल्या कित्येक गाड्यांत मागचे पट्टे आणि बकले कव्हरखाली गाडलेली आहेत. गाडी घेतल्या दिवशी कव्हर चढवले, त्यानंतर बकल कुणी पाहिलेलेच नाही! कव्हर शिवणाऱ्याकडून बकलच्या जागी खाचा पाडून घ्याव्यात. त्याहून बरे म्हणजे मुलाच्या जागेवरचे जाड फोमचे, गुळगुळीत कव्हर काढूनच टाकावे, कारण त्यावर बुस्टर सरकतो. आणि पट्ट्याची घंटा वाजू नये म्हणून बकलमध्ये खोटी पत्र्याची जीभ अडकवण्याची जी टूम निघाली आहे, ती घरातून हद्दपार करावी. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा क्लिपा विकणाऱ्या बड्या ऑनलाइन कंपन्यांना त्या काढून टाकण्याचे आदेश दिले आहेत.

मग पट्टा ओढून पाहावा. तो खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा आहे की नुसता कमरेचा? जुन्या गाड्यांत मागच्या मधल्या जागेला बहुधा कमरेचाच पट्टा असतो. त्या जागी बुस्टर कधीही ठेवू नये. उंच बसलेल्या मुलाची छाती मोकळी राहिली तर ते कमरेत दुमडून पुढे आदळते. तिथे मोठ्या माणसाने बसावे. मागे दोन्ही कडांना कमरेचेच पट्टे असलेली फार जुनी गाडी असेल, तर कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात खांद्याचा पट्टा बसवता येतो का ते विचारावे. नाक्यावरच्या गॅरेजवाल्याकडून बोल्ट मारून घेऊ नये.

त्यानंतर टेप घेऊन रुंदी मोजावी. मागे आजी, दोन मुले, कधी आत्या असे बसणारे आपले कुटुंब. पाठवाला बुस्टर ४५ सेंटीमीटरच्या आसपास जागा घेतो. दोन बुस्टर ठेवले तर मध्ये उरलेल्या जागेत मोठ्या माणसाला बसता येते का आणि त्याचे बकल हाताला लागते का, हे खरेदीपूर्वी पाहावे. नंतर पाहिले की घरात भांडण होते. अशा घराने बैठकीची रुंदी पाहूनच बुस्टर निवडावा, बाकी नक्षी पाहू नये.

काही बुस्टरांना आयसोफिक्सचे लोखंडी हूक असतात. सीटच्या फटीत ज्या कड्या असतात त्यांत ते अडकतात. त्यामुळे बुस्टर हलत नाही, आणि मूल गाडीत नसताना मोकळा बुस्टर ब्रेकबरोबर उडून कुणाच्या डोक्याला लागत नाही. सोय चांगली आहे. पण आयसोफिक्स आहे म्हणजे मूल बांधले गेले, असे समजणारे लोक आम्हाला भेटले आहेत. बुस्टरमध्ये मुलाला धरतो तो पट्टाच. आपल्या गाडीत कड्या नसतील तर हुकांसाठी जादा पैसे मोजू नयेत. मात्र मूल सोबत नसेल तेव्हा मोकळ्या बुस्टरवरून पट्टा लावून ठेवावा.

आता मुलाला बसवून पाहण्याची वेळ. गाडी दुकानापाशी न्यावी, मूल सोबत न्यावे, आणि दुकानदार पेटी फोडून गाडीत ठेवून पाहू देत नसेल तर दुसरे दुकान धरावे. मुलाची पाठ आणि कंबर मागे पूर्ण टेकलेली हवी. पट्ट्याचा खालचा भाग बुस्टरच्या दोन्ही हातांखालून जाऊन मांड्यांच्या वरच्या टोकाला, जांघेशी, सपाट बसावा. पोटाच्या मऊ भागावर तो एक बोटही चढता कामा नये. खांद्याचा पट्टा मान आणि खांद्याचे टोक यांच्या बरोबर मधून जावा. बकलच्या बाजूला हा वरचा पट्टाही बुस्टरच्या हाताखालून जातो. दाराच्या बाजूला मात्र फक्त खालचा पट्टा हाताखाली असतो. इथे चूक करणारे पुष्कळ आहेत. पट्टा कुठून न्यायचा त्या खाचा बहुतेक बुस्टरांवर लाल रंगाने दाखवलेल्या असतात, त्या बघाव्यात.

एवढे झाले की मुलाला पुढे वाकून पुन्हा मागे टेकायला सांगावे. त्याच्याबरोबर पट्टा परत आत ओढला गेला पाहिजे. वरच्या खाचेत तो अडकून ढिला लोंबत राहिला, तर तो बुस्टर त्या गाडीला जुळत नाही. ही एकच परीक्षा दुकानात अर्ध्या मिनिटात होते आणि पुष्कळ बुस्टर त्यात नापास होतात. शेवटी मुलाला स्वतः बकल लावायला सांगावे. जे मूल स्वतः लावू शकते, ते रोज लावते.

पेटीवरच्या शिक्क्याविषयी थोडक्यात. आपल्याकडे एआयएस ०७२ हे मानक आहे आणि ते युरोपच्या आर ४४ या नियमावर बेतलेले आहे. आर ४४ चे नारिंगी लेबल बुस्टरच्या अंगावरच चिकटवलेले असते. त्यावर १५ ते ३६ किंवा २२ ते ३६ किलो असे वजन लिहिलेले असते, ते आपल्या खिशातल्या कागदाशी ताडून पाहावे. नवा नियम आर १२९, तो वजनाऐवजी उंचीवर चालतो. दोहोंपैकी कोणतेच लेबल नसलेली प्लॅस्टिकची घडवंची 'कार सीट' म्हणून विकतात, ती घेऊ नये. गाडीला बालसुरक्षेचे किती तारे आहेत हे ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपमुळे कळू लागले, हे चांगलेच झाले. पण ती चाचणी दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढ्या पुतळ्यांवर होते. तुमच्या सात वर्षांच्या मुलाला बुस्टरवर पट्टा कसा बसेल, ते तुम्हालाच गाडीत पाहावे लागते.

कायदाही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने १९४-ब हे कलम आले. १४ वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा मुलांसाठीच्या बंधन-व्यवस्थेविना गाडीत नेले, तर १,००० रुपये दंड आहे, आणि तो गाडी चालवणाऱ्याबरोबर चालवू देणाऱ्यालाही लागू होतो. ज्या वाचकांकडे दुचाकीच आहे त्यांनी हे वाचून पान उलटू नये. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवर बांधून घेण्याचा पट्टा, शिरस्त्राण आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा, असा नियम केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर केला आहे. त्याविषयी स्वतंत्रपणे लिहिण्यासारखे आहे.

घरातला विरोध बहुधा वडीलधाऱ्यांकडून येतो. त्याच कल्याणच्या घरी आम्ही बसलो असताना आजी म्हणाल्या, "अरे, पोरीला माझ्या मांडीवर दे की. एवढी काय परकी आहे ती? तुम्हा भावंडांना कुणी बांधून ठेवलं होतं?" मुलगा म्हणाला, "आई, आपल्याकडे तेव्हा गाडी होती कुठे? आपण लाल डब्यातून जायचो." आजींना ते पटले असे नाही. पण बुस्टरवर बसलेल्या नातीला खिडकीतून बाहेरचे दिसते आणि ती प्रवासात कुरकुर करीत नाही, हे त्यांनी स्वतःच नागपूरच्या लांबच्या प्रवासानंतर आम्हाला सांगितले. खाली बसलेल्या मुलाला दाराचा पत्रा आणि पुढच्या सीटची पाठ यांखेरीज काही दिसत नाही, ते उभे राहते याचे निम्मे कारण तेच असते.

बुस्टर कधी सोडायचा? पाठ पूर्ण टेकून बसल्यावर गुडघे सीटच्या कडेवर वाकतात, खालचा पट्टा मांड्यांवर राहतो, वरचा खांद्याच्या मधोमध येतो आणि सारा प्रवास मूल तसेच बसून राहते, हे सारे जुळले म्हणजे. इंग्लंडात १३५ सेंटीमीटर उंची किंवा १२ वर्षे वय यांपैकी जे आधी होईल ते मानतात, अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सुमारे १४५ सेंटीमीटर सांगतात. आपल्या मुलांना १३५ गाठायला दहावे वर्ष उजाडते. काकांच्या मोठ्या गाडीत बुस्टरविना पट्टा नीट बसला, म्हणून आपल्या गाडीतही बसेल असे नाही. प्रत्येक गाडीत पुन्हा पाहावे. भाड्याच्या टॅक्सीने जाताना उंच, मोठ्या मुलासाठी बिनपाठीचा बुस्टर पिशवीतून नेता येतो. तेरा वर्षे होईपर्यंत मुलाला पुढे बसवू नये, मागेच बसवावे.

मुलाचे काम झाल्यावर बुस्टर नात्यातल्या घरी देण्याची आपली रीत चांगली आहे. देताना त्याचे माहितीपुस्तक आणि वापराची मुदत, जी बहुधा तळाला कोरलेली असते, ती दाखवून द्यावी. एखाद्या जबर अपघातात सापडलेला बुस्टर तडा दिसत नसला तरी कुणालाही देऊ नये, मोडून टाकावा. आणि विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांनी मे महिन्यात एवढे करावे, की उन्हात उभ्या गाडीत बुस्टरवर पांढरे फडके टाकून ठेवावे आणि मुलाला बसवण्यापूर्वी बकलला आपला हात लावून पाहावा. ते चांगलेच तापलेले असते.